खारमाळच्या खाडीतली सुरमई

खारमाळच्या खाडीत सुरमई आली आहे, असं यंत्र सांगत होतं.

खाडीवरचं यंत्र सांभाळणाऱ्या हर्षाली तांडेलने पडद्यावरची यादी पुन्हा वाचली. बोय, निवटी, कोळंबी ही नेहमीची मंडळी होतीच. त्यांच्याखाली हलवा, बांगडा आणि सुरमई. तिने केबिनच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. ओहोटी लागली होती. जेट्टीच्या दोन्ही बाजूंना काळा चिखल उघडा पडला होता आणि मधून पाण्याची अरुंद पट्टी वाहत होती. असल्या पाण्यात सुरमई कशाला येईल? तिचे वडील हयात होते तेव्हा सुरमईसाठी बोट घेऊन दोन दोन दिवस आत समुद्रात जायचे.

तिने पुण्याला फोन लावला. डॉ. मृदुला अष्टपुत्रे तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. पश्चिम किनाऱ्यावरची अशी तीस यंत्रं त्यांच्या देखरेखीखाली होती.

"मॅडम, यंत्र बिघडलंय बहुतेक."

"बिघडलंय? अगं, मी अभिनंदन करायला तुला फोन करणारच होते. खारमाळ एकसष्टवर गेलं! गेल्या वर्षी सदतीस होतात तुम्ही."

"पण सुरमई दाखवतंय मॅडम. चिखलात."

"समुद्र तापलाय हर्षाली. मासे कुठून कुठे जायला लागलेत. जुन्या सवयीने शंका घेऊ नकोस."

मॅडमच्या आवाजातला आनंद खरा होता. हर्षालीला मात्र फोन ठेवल्यावरही बरं वाटेना.

यंत्राचं नाव जलवाचक. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव सतत काहीतरी मागे सोडत असतो: खवले, अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, मेलेल्या पेशी. त्यातल्या प्रत्येक पेशीत त्या जीवाचा डीएनए असतो, आणि प्रत्येक जातीचा डीएनए वेगळा. जलवाचक दर सहा तासांनी खाडीतलं दोन लिटर पाणी ओढून घ्यायचा, अतिशय बारीक गाळणीतून गाळायचा, गाळणीवर राहिलेले डीएनएचे तुकडे वाचायचा आणि साठवलेल्या सूचीशी ताडून सांगायचा की या पाण्यात कोण कोण राहतं. जाळं टाकायला नको, मासा डोळ्यांनी दिसायलाही नको. जगभरातल्या नऊ हजार खाड्यांवर आणि नद्यांवर अशी यंत्रं बसली होती. त्यांच्या वाचनात तिथल्या माणसांचं आरोग्य आणि शिक्षण मिळवून जागतिक जीवमान परिषद प्रत्येक ठिकाणाला एक आकडा द्यायची. त्याला म्हणायचे जीवांक. २०४३ सालापर्यंत जगाची तब्येत त्या एका आकड्यावरून ओळखायची सवय सगळ्यांना लागली होती.

आकडा नुसता ओळखण्यापुरता राहिला नव्हता. समुद्र चढत होता आणि सगळा किनारा वाचवणं कुठल्याच सरकारला जमणार नव्हतं. म्हणून नियम झाला: सलग दोन वर्षं जीवांक चाळीसच्या खाली राहिला तर खाडी मृत समजायची, तिच्या तोंडाशी भिंत घालायची आणि गाव आत, डोंगराकडे हलवायचं. चाळीसच्या वर असेल तर तिवरांची लागवड करून बांध घालायचे आणि गाव तिथेच ठेवायचं. खारमाळचं एक वर्ष सदतीसवर गेलं होतं. हे दुसरं.

म्हणूनच एकसष्ट ऐकून गावात पेढे वाटले गेले. हर्षालीची आई सुगंधा हिने पेढा लेकीच्या तोंडात कोंबला. "तुझ्या यंत्राने गाव राखलं बाय," ती म्हणाली. सुगंधा तालुक्याच्या बाजारात मासळी विकायची. रोज पहाटे पाटी घेऊन बंदरावर जायची आणि दुपारी परत यायची. पेढा भरवताना तिने लेकीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, एवढं हर्षालीच्या लक्षात राहिलं.

*

त्यानंतर गावात काहीतरी बदललं. हर्षाली विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. घरी तिचा धाकटा भाऊ हितेश जेवताना मान वर करायचा नाही.

तिची शंका आधी हितेशवरच गेली. त्याला कारण होतं. खाडीच्या वरच्या अंगाला एक रासायनिक कारखाना पंधरा वर्षांपूर्वी बंद पडला होता. त्याचा गाळ तिथेच खड्ड्यांत पुरलेला होता. खाडी जिवंत ठरली तर तो गाळ उपसायची जबाबदारी मालकांच्या अंगावर पडणार नव्हती. नियमाप्रमाणे जिथे जीव नांदतात तिथलं पाणी शुद्धच धरलं जायचं, आणि धातूंची तपासणी फक्त आकडा घसरला तरच व्हायची. आणि हितेश दोन महिन्यांपूर्वी त्याच कारखान्यावर पहारेकरी म्हणून लागला होता.

रविवारी तो जाळं विणत बसला होता तेव्हा तिने सरळच विचारलं. "पाण्यात काय टाकतोस तू?"

हितेशने सुई खाली ठेवली. "म्हणजे?"

"कारखान्यातली माणसं तुला काही आणून देतात का? यंत्राजवळ सोडायला?"

"ताई, मी गेटवर बसतो. रजिस्टरात नावं लिहितो. तुला मी चोर वाटतो?"

"मग माझ्याशी बोलत का नाहीस?"

तो क्षणभर काहीतरी सांगेल असं वाटलं. मग त्याने जाळं गुंडाळलं आणि उठून गेला. त्या दिवसापासून तो दुसऱ्या खोलीत जेवायला लागला. त्याची बायको भाविका सहा महिन्यांची गरोदर होती. ती दोघांच्या मध्ये ताटं घेऊन फिरायची आणि कुणालाच काही म्हणायची नाही.

हर्षालीने केबिनमध्ये बसून चार महिन्यांची वाचनं काढली. जे दिसलं ते पाहून तिला आधी हसू आलं. सुरमई, हलवा आणि बांगडा फक्त दुपारी तीनच्या वाचनात यायचे. सकाळी नऊच्या वाचनात नाहीत, रात्रीच्याही नाहीत. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. मासे भरतीबरोबर येतात आणि जातात. हे मासे घड्याळ पाहून येत होते. आणखी एक गोष्ट होती. सोमवारी आणि गुरुवारी ते जवळजवळ येतच नव्हते. बुधवारी आणि रविवारी झुंडीने.

सोमवार-गुरुवारी तालुक्यातली निम्मी घरं मासळी खात नाहीत. बाजार अर्धा रिकामा असतो. हे कुठल्या माशाला कळणार?

हसू तिथेच विरलं. कुणीतरी बाजारातून माल आणत होतं.

*

त्याच आठवड्यात भाविका भांडी घासताना थांबली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली.

"काय झालं?" हर्षालीने विचारलं.

"मुंग्या येतात ताई. बोटांना आणि ओठांना. सकाळी कपबशी हातातून निसटली."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. आई म्हणतात, पोटुशीपणी होतं असं."

"खाण्यात काय वेगळं आहे तुझ्या?"

"काही नाही. कालवं. खाडी चांगली झाली म्हणून आई रोज खडकावरची काढून आणतात. बाळाला ताकद येते म्हणतात."

दुसऱ्या दिवशी हर्षालीने खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं फोडून बर्फाच्या डब्यात भरली, जलवाचकाच्या गाळण्या वेगळ्या नळ्यांत सीलबंद केल्या आणि सगळं घेऊन स्वतः पुण्याला गेली.

डॉ. अष्टपुत्रेंनी वैतागूनच ऐकून घेतलं. पण सोमवार-गुरुवारचा तक्ता समोर ठेवल्यावर त्यांनी तो जवळ ओढून ओळीने वाचला.

"एक करता येईल," त्या अखेर म्हणाल्या. "जलवाचक फक्त डीएनए वाचतो. डीएनए चिवट असतो. मासा मेला, कापला, बर्फात ठेवला, तरी तो टिकतो. पण जिवंत पेशी काम करताना आरएनए बनवत असते, आणि तो फार लवकर तुटतो. जिवंत मासा पाण्यात असेल तर दोन्ही सापडतील. मेलेल्या माशाचं धुवण पाण्यात पडलं असेल तर डीएनए भरपूर आणि आरएनए जवळजवळ नाही."

"मग हे यंत्र आरएनए का वाचत नाही?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नऊ हजार ठिकाणी ते करायचं तर वेळ लागला असता. परिषदेला आकडा दरवर्षी हवा होता."

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. बोयीचा आणि निवटीचा आरएनए होता. सुरमई, हलवा, बांगडा यांचा नव्हता. "तुझी सुरमई खाडीत पोहलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या. मग पुढे बोलल्या, "आणि हर्षाली, कालवांत पारा आहे. मर्यादेच्या अकरा पट. त्या पुरलेल्या गाळात समुद्राचं पाणी शिरलं असावं. कुणी खात नाही ना ती?"

*

मंगळवारी तिने घरी सांगितलं की उद्या प्रशिक्षणासाठी पनवेलला जाणार, संध्याकाळी येईन. बुधवारी सकाळी ती एसटीत बसली, पुढच्या फाट्यावर उतरली, आणि शेतांच्या बांधांवरून चालत दुपारी अडीचला जेट्टीच्या मागच्या तिवरांत येऊन उभी राहिली.

कारखान्याची गाडी येईल, असं ती धरून होती. गाडी आली नाही. बाजारातून परतलेल्या सात बायका आल्या, डोक्यावर पाट्या घेऊन, रोजच्यासारख्या गप्पा मारत. जलवाचकाचा नळ जिथे पाण्यात उतरत होता तिथे त्या पायऱ्यांवर ओळीने बसल्या. पाट्यांतलं बर्फाचं पाणी, खवले, आतडी त्यांनी पाण्यात ओतली. एकीने डबा काढून त्यातला वाटलेला लगदा सोडला. लगदा सोडणाऱ्या बाईने हात धुतले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "झाले तीन. चला."

ती सुगंधा होती.

हर्षाली तिवरांतून बाहेर आली. बायका दचकल्या, एकमेकींकडे पाहिलं, पाट्या उचलून भराभर निघून गेल्या. आई तिथेच बसून राहिली.

"कधीपासून?" हर्षालीने विचारलं.

"पहिल्यांदा मुद्दाम नाही केलं गो," सुगंधा म्हणाली. "पाट्या इथेच धुवायचे मी. तू एकदा घरी म्हणालीस की आकडा अचानक वाढला. मी हिशेब लावला. मग बाकीच्यांना सांगितलं."

"म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. हितेशलाही."

"त्याला मीच शपथ घातली."

"आणि मला?"

"तुला कळलं असतं तर तुला खोटं बोलायला लागलं असतं. तुला ते जमत नाही. लहानपणापासून जमत नाही." सुगंधाने वर पाहिलं. "आता काय करणार? पुण्याला कळवणार?"

"आई, कालवांत पारा आहे. भाविकाच्या बोटांना मुंग्या येतात त्या त्यानेच."

सुगंधा तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर धक्का दिसेल असं हर्षालीला वाटलं होतं. दिसला तो संशय.

"कालपर्यंत तुझंच यंत्र सांगत होतं खाडी चांगली म्हणून."

"ते तुम्ही त्याला सांगायला लावलंत!"

"आणि आज तू म्हणतेस विष आहे. आजच. आम्हाला पकडल्यावर." ती उठली. "पुण्याला नोकरी देतायत का तुला? गाव गेल्यावर तुझी सोय होणार असेल."

आपणही हितेशला याच सुरात प्रश्न विचारला होता, हे हर्षालीला तेव्हा कळलं.

*

भाविकाच्या रक्ताची तपासणी हर्षालीने त्याच आठवड्यात करून घेतली. आकडा पाहून डॉक्टरांनी कालवं, खाडीचे मासे, सगळं बंद करायला सांगितलं. हितेशने अहवाल हातात घेतला, दोनदा वाचला आणि आईच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने तो भाविकाला घेऊन तिच्या माहेरी निघून गेला. जाताना बहिणीला एवढंच म्हणाला, "तू आधी विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

परिषदेला काय कळवायचं ते मॅडमनी तिच्यावर सोडलं होतं, आणि हर्षालीसमोर दोन कागद होते. एकात फक्त पाऱ्याची नोंद होती. तो पाठवला असता तर कालवं बंद झाली असती आणि जीवांक एकसष्टच राहिला असता. तीन दिवस ती तो कागद हातात घेऊन बसली. पण मग पुढच्या वर्षी काय? खाडी जिवंत लिहिलेली राहिली तर गाळ कुणी उपसणार नव्हतं. तो पारा हळूहळू बोयीत, कोळंबीत, तिथून प्रत्येक घरातल्या ताटात जात राहिला असता, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी बोटांना मुंग्या आल्यावरच तो कळला असता. तिने दुसरा कागद पाठवला. सगळं लिहिलेला. आईचं नाव तेवढं लिहिलं नाही. "स्थानिक रहिवासी" असं लिहिलं. खाली आणखी एक परिच्छेद जोडला: जगातल्या सगळ्या नऊ हजार यंत्रांची वाचनं वारांप्रमाणे आणि तासांप्रमाणे लावून पाहावीत.

महिन्याभराने सुनावणी झाली. पंचायतीच्या सभागृहात परिषदेचे तीन अधिकारी आले. गावाने हर्षालीकडे पाठ फिरवली होती. एका अधिकाऱ्याने विचारलं, "हे स्थानिक रहिवासी म्हणजे कोण?"

हर्षालीने तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"मी सुगंधा तांडेल. मी सुरू केलं. बाकीच्यांनी माझं ऐकलं." ती उभी राहिली होती. "आणि कालवं पण मीच आणली. सुनेला मी खायला घातली. तेही लिहा."

अधिकारी लिहू लागला. सुगंधाने त्याचं लिहून होईपर्यंत थांबून विचारलं, "तुम्ही सांगितलंत की आकडा पडला तर घर जाईल. मग आम्ही काय करायचं होतं? पाऱ्याचं तुम्ही कुणी विचारलंत का आम्हाला? एकदा तरी?"

खारमाळचा दुरुस्त केलेला जीवांक बत्तीस निघाला.

*

वारांचा तक्ता परिषदेने सात महिन्यांनी प्रसिद्ध केला. सहाशे चाळीस ठिकाणची वाचनं तिथल्या बाजाराच्या दिवसांबरोबर वर-खाली होत होती. कुठे मासळीचं धुवण होतं, कुठे पिंपात पाळलेले बेडूक, कुठे प्रयोगशाळेत बनवलेला डीएनए विकणाऱ्या टोळ्या. उत्तरेतल्या एका श्रीमंत देशाच्या नदीत तर चाळीस वर्षांपूर्वी नामशेष झालेला मासा दर शुक्रवारी परत येत होता. जग सावरतंय, असं सांगणारे सलग तीन वार्षिक अहवाल मागे घेतले गेले. जीवांकावरून गावं हलवायचा नियम स्थगित झाला आणि पाण्यातल्या धातूंची तपासणी सगळीकडे सक्तीची झाली.

खारमाळला त्याचा अर्धाच उपयोग झाला. गाळ उपसायला यंत्रं आली. पण तोवर घरं रिकामी झाली होती आणि खाडीच्या तोंडाशी भिंतीचा पाया पडला होता. गाव सतरा किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी नव्या वसाहतीत गेलं. काही शेजारणी हर्षालीला पाहून अजूनही दार लावून घ्यायच्या. सुगंधा लेकीच्याच घरात राहायची, दोघींचा स्वयंपाक करायची, आणि तिच्याशी एक शब्द बोलायची नाही.

भाविकाला मुलगी झाली. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर तिची मोठी तपासणी झाली, ऐकण्याची, नजरेची, हातापायांच्या हालचालींची. त्याचा अहवाल आला त्या दिवशी हितेश भाविकाला आणि मुलीला घेऊन वसाहतीत आला. लिफाफा त्याने फोडला नव्हता. तो त्याने ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, तू वाच."

अहवाल इंग्रजीत होता, तीन पानांचा. हर्षालीने मनात वाचला. काही ओळी चांगल्या होत्या. काही नव्हत्या. शेवटी लिहिलं होतं की नक्की काय ते तीन वर्षांपर्यंत सांगता येणार नाही.

भाविका तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मुलीने आत्याचा पदर मुठीत धरला होता आणि तो तोंडाकडे न्यायचा प्रयत्न करत होती; मूठ दोनदा गालावर आपटली. हर्षालीच्या ओठांवर आलं की सगळं ठीक आहे. किती सोपं होतं. आज तरी घरात सगळे एकत्र जेवले असते. आपल्या आईने हेच केलं होतं, आणि ते इतकं सहज कसं केलं, ते तिला पहिल्यांदाच समजलं.

"बरी आहे ना गं?" भाविकाने विचारलं.

हर्षालीने हो म्हणण्यासाठी मान उचलली, तेवढ्यात सुगंधा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने सुनेच्या मांडीवरून नातीला घेतलं आणि लेकीसमोर खाली बसली. आठ महिन्यांनी ती तिच्याशी बोलली.

"बाय, मला बघून काही गाळू नकोस," ती म्हणाली. "लिहिलंय तेवढं सगळं सांग."

हर्षालीने पहिलं पान परत वर घेतलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने, मराठीत सांगायला सुरुवात केली.